गहू, बोर आणि ज्येष्ठमध : एका जुन्या चिनी काढ्याचा विचार

ज्येष्ठमध, गहू आणि दहा सुकी बोरे पाण्यात घालावीत, पाणी निम्मे होईपर्यंत उकळावे, आणि तो काढा कोमट असतानाच तीन भाग करून घ्यावा, अशी एक कृती चिनी वैद्यकात सुमारे अठराशे वर्षांपासून चालत आलेली आहे. हा काढा तापावरचा नव्हे, खोकल्यावरचा नव्हे, की जखमेवरचाही नव्हे. ज्या माणसास वरवर काही कारण नसता पुन्हा पुन्हा रडू कोसळते, ज्याचे मन क्षणभरही स्थिर राहत नाही, त्याच्यासाठी तो सांगितलेला आहे. काढ्याचे नाव ‘गान-माई-दा-झाओ थांग’. ‘गान’ म्हणजे गोड. येथे तो ज्येष्ठमधाच्या ‘गोड गवत’ ह्या चिनी नावाचा संक्षेप आहे. ‘माई’ म्हणजे गहू, ‘दा-झाओ’ म्हणजे मोठे बोर आणि ‘थांग’ म्हणजे काढा. नाव हीच कृती, असा हा प्रकार आहे.

अशा कृतीविषयी बोलू लागले की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटास हसू येते : गव्हाबोरांच्या पाण्याने कोठे दुःख निवते काय? दुसरा तट हात जोडतो : अठराशे वर्षे लोक घेत आले, त्यापेक्षा मोठा पुरावा कोणता? दोन्ही तटांनी मूळ वचन वाचण्याचे कष्ट बहुधा घेतलेले नसतात. ते वाचले असता प्रथम लक्षात येते ते औषधाचे सामर्थ्य नव्हे, तर ते सांगणाऱ्या वैद्याची दृष्टी. आमच्या मते ह्या काढ्याचा खरा वारसा त्या दृष्टीत आहे. औषधाच्या गुणाचा प्रश्न निराळा आहे आणि तो निराळाच ठेवावयास हवा.

तो वैद्य म्हणजे जांग जोंगजिंग. आजच्या हनान प्रांतातील नानयांग भागाचा हा रहिवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तिसऱ्या शतकाच्या आरंभी, म्हणजे हान साम्राज्य मोडकळीस आले असताना, होऊन गेला. त्याच्या नावावर असलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक करुण हकीकत आहे. त्याच्या कुळात दोनशेहून अधिक माणसे होती. दहा वर्षांच्या आत त्यांपैकी दोनतृतीयांश मरण पावली आणि त्यांतील बहुतेक तापाच्या साथीने गेली. ह्या दुःखातून त्याने तापावर आणि इतर संकीर्ण रोगांवर ग्रंथ रचला. तो ग्रंथ पुढे विस्कळीत झाला. अकराव्या शतकात, सुंग राजवटीत, वांग जू नावाच्या विद्वानास राजकीय ग्रंथसंग्रहात एक किडीने खाल्लेली प्रत सापडली आणि तिच्या आधाराने सरकारी संशोधन-मंडळाने संकीर्ण रोगांचा भाग संपादून छापला. त्याचे नाव ‘जिनग्वेई याओल्युए’, म्हणजे ‘सुवर्णपेटिकेतील सार’. आज आपल्या हाती जे वचन आहे ते इतक्या हातांतून आलेले आहे, ही गोष्ट पुढे मात्रेचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागेल.

ह्या ग्रंथाच्या बाविसाव्या प्रकरणात स्त्रियांच्या नाना विकारांचा विचार आहे. तेथे ‘झांग-झाओ’ नावाचा एक विकार अगदी थोडक्या शब्दांत वर्णिला आहे. (ह्या ‘झाओ’चा बोराच्या ‘झाओ’शी काही संबंध नाही, चिनी भाषेत त्यांचे स्वर निराळे आणि अक्षरेही निराळी. ह्याचा अर्थ अस्वस्थता, तळमळ. ‘झांग’ म्हणजे आतील इंद्रिय.) त्या वर्णनाचा आशय असा : स्त्रीचे मन वारंवार दुःखी होते, तिला रडावेसे वाटते, जणू एखाद्या दैवी शक्तीने तिला झपाटावे तशी तिची अवस्था दिसते, आणि ती पुन्हा पुन्हा जांभया देते, आळोखेपिळोखे देते. एवढे सांगून वैद्य लगेच काढ्याचे नाव घेतो.

येथे दोन गोष्टी पाहाव्यात. जांभया आणि आळोखेपिळोखे ही लक्षणे कल्पनेने सुचणारी नव्हेत. दुःखाचे चित्र रंगविणारा कवी अश्रू लिहील, जांभई लिहिणार नाही. जांभई तोच लिहील जो रुग्णाजवळ बराच वेळ बसला आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तो ‘जणू’. स्त्री झपाटलेली आहे असे तो म्हणत नाही. झपाटल्यासारखी दिसते असे म्हणतो. ह्या एका अव्ययाने त्याने तिला मांत्रिकाच्या अंगणातून उचलून वैद्याच्या ओसरीवर आणून बसविले आहे. ज्या काळी आकस्मिक आणि अकारण शोक हा पिशाचाचा खेळ समजला जाई, त्या काळी गहू-बोरांचे माप सांगणारा माणूस हे सांगत होता की हा शरीराचा आणि मनाचा विकार आहे, त्यास कारण आहे, आणि म्हणून उपाय आहे.

हा अर्थ आम्ही आजच्या चष्म्यातून त्या वचनावर लादीत आहोत असे कोणी म्हणेल. परंतु जुन्या चिनी वैद्यांनीही तो तसाच घेतला होता. बाराव्या शतकातील शू शूवेई ह्या वैद्याने आपल्या अनुभवसंग्रहात एक हकीकत नोंदविली आहे. त्याच्या गावची एक स्त्री सारखी जांभया देई आणि कारण नसता रडे. तिला बाधा झाली आहे असे ठरवून घरच्यांनी प्रार्थना केल्या, उतारे केले, काही बाकी ठेवले नाही. गुण आला नाही. तेव्हा शू ह्यास जांगचे वचन एकाएकी आठवले, त्याने तो काढा करविला, आणि औषध संपेतो ती बरी झाली, असे तो सांगतो. पुढे 1237 साली छन झमिंग ह्याने स्त्रीरोगांवर जो प्रसिद्ध ग्रंथ रचला त्यात चार-पाच महिन्यांच्या एका गर्भवतीची अशीच कथा आहे. दिवस उजाडला की ती शोकाकुल होई आणि दिवसातून कितीदा तरी तिचे अश्रू वाहत. वैद्य आणि मांत्रिक दोघांचेही उपाय थकले होते; शेवटी हाच काढा दिला गेला.

ह्या दोन कथांवरून काढ्याचा गुण सिद्ध होतो काय? मुळीच नाही. असे शोकाचे झटके कित्येकदा आपोआप ओसरतात, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांच्या कथा कोणी लिहून ठेवीत नाही. तथापि त्यांवरून एवढे निश्चित सिद्ध होते की उतारा आणि काढा ह्यांतील निवड त्या समाजासमोर प्रत्यक्ष उभी होती. ती आपल्या समाजासमोरही आहे. अंगात येणे, बाहेरची बाधा, कोणी काही केले असणे, हे शब्द महाराष्ट्रात कोणास नवे नाहीत. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास मारहाण करणे हा गुन्हा ठरविणारा कायदा ह्या राज्यास 2013 साली करावा लागला. अशा घरांतून जी सून वा जो मुलगा ‘झपाटलेला’ म्हणून कोपऱ्यात बसविला जातो, त्याच्या कामी जांगचा ‘जणू’ आजही त्याच्या काढ्याहून अधिक येईल.

आता काढ्याकडे वळू. त्यातील वस्तू आपणास परक्या नाहीत. चीनमधील ज्येष्ठमध आणि आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारे ज्येष्ठमध ह्या एकाच कुळातील भगिनी-जाती होत. चिनी ‘दा-झाओ’ हे आपल्या रानबोराचे जवळचे नातलग, मात्र फळ मोठे, आणि सुकविले असता खारकेसारखे गोड. आपल्या चरकसंहितेतही ज्येष्ठमध, म्हणजे यष्टिमधु, बुद्धीस हितकर अशा चार रसायनांत गणलेले आहे. दोन दूरच्या परंपरा एकाच मुळीवर येऊन थांबल्या हे मनोरंजक खरे. पण त्यावरून घाईने काही ठरवू नये. गोड मुळी सर्वांनाच आवडते.

चिनी शास्त्राची उपपत्ती अशी की मनाचे वसतिस्थान हृदय, आणि हृदयाच्या रोग्यास गहू पथ्यकर. यकृत ताणले गेले असता मधुर रसाने तो ताण सैल करावा, असेही प्राचीन ‘ह्वांगदी नेजिंग’ ग्रंथ सांगतो. तीन मधुर द्रव्यांच्या ह्या काढ्याची योजना त्या चौकटीत नेमकी बसते. आधुनिक शरीरशास्त्रास ही चौकट मान्य नाही. मात्र ती निर्बुद्ध नव्हे. तिच्यात नियम होता, आणि नियमाविषयी वादही होत. ‘झांग’ म्हणजे नेमके कोणते इंद्रिय ह्यावर टीकाकारांची शतकानुशतके जुंपली होती. कोणी गर्भाशय म्हणत. तर छ्यानलुंग बादशहाच्या आज्ञेने 1742 साली तयार झालेल्या वैद्यकीय संग्रहाने हृदय असा निर्णय दिला. पुढे पाश्चात्त्य वैद्यक चीनमध्ये आले आणि ‘झांग-झाओ’चे भाषांतर ‘हिस्टेरिया’ असे होऊ लागले. हे भाषांतर आम्हांस दुर्दैवी वाटते. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच ग्रीक भाषेतील गर्भाशयवाचक शब्दापासून निघालेला. त्यात रुग्णेविषयी कणव कमी आणि कुचेष्टा अधिक शिरली होती. 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या रोगसूचीतून ते निदान काढून टाकले. मूळ चिनी वचनात कुचेष्टा नाही. विकार स्त्रीचा म्हणून सांगितला आहे एवढेच. आणि तेही बंधन पुढे टिकले नाही, कारण जपानमध्ये हाच काढा ‘कान्बाकु-ताइसो-तो’ ह्या नावाने रात्री रडणाऱ्या लहान मुलांसही दिला जातो.

औषध म्हणून विचार करताना पहिला प्रश्न मात्रेचा, आणि येथे विषय एकाएकी गंभीर होतो. मूळ कृतीत ज्येष्ठमध तीन ‘ल्यांग’, गहू एक ‘शंग’, बोरे दहा. हानकालीन ल्यांग आजच्या सुमारे 15 ग्रॅमचा होता, असे त्या काळच्या उपलब्ध वजनांवरून ठरते. म्हणजे ज्येष्ठमध सुमारे 45 ग्रॅम झाले. परंतु सोळाव्या शतकात ली शजन ह्या थोर द्रव्यगुणज्ञाने असा संकेत सांगितला की प्राचीनांचा एक ल्यांग म्हणजे आताचा एक ‘छ्येन’ समजावा, आणि छ्येन हा ल्यांगचा दहावा भाग. ह्या हिशेबाने तीन ल्यांगचे 10 ग्रॅमच्या आसपास उरतात. आजचे चिनी वैद्य साधारणपणे तेवढेच घालतात. जपानमधील तयार औषधात दिवसाकाठी 5 ग्रॅम ज्येष्ठमधाचा अंश असतो. ‘तेच औषध अठराशे वर्षे’ असे जे म्हटले जाते त्यात कृती तीच असली तरी मात्रा चार-पाच पटींनी, कधी नऊ पटींनी बदललेली आहे. मग अठराशे वर्षांचा अनुभव नेमका कोणत्या औषधाचा, हे कोणी सांगावे?

हा केवळ पंडिती वाद नव्हे. ज्येष्ठमधास गोडी देणारे द्रव्य म्हणजे ग्लिसिऱ्हायझिन. आपल्या मूत्रपिंडात एक विकर असते. कॉर्टिसोल ह्या संप्रेरकाने तेथील मीठ राखण्याची यंत्रणा विनाकारण चालू करू नये, म्हणून ते कॉर्टिसोलास निष्प्रभ करीत असते. ग्लिसिऱ्हायझिनापासून शरीरात तयार होणारे आम्ल ह्या विकरास अडविते. पहारेकरी झोपला की कॉर्टिसोल आत शिरते, शरीर मीठ आणि पाणी साठवू लागते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो, स्नायू दुर्बल होतात, आणि पोटॅशियम फारच उतरले तर हृदयाचा ठोका चुकू लागतो. 1946 साली रेव्हर्स ह्या डच डॉक्टरांनी जठरव्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देताना पाहिले की व्रण बरे होतात खरे, पण कित्येक रोग्यांच्या अंगावर सूज येते. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने 2003 साली असे मत दिले की नित्य सेवनात ग्लिसिऱ्हायझिन दिवसाला 100 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. चिनी औषधकोशाप्रमाणे चांगल्या ज्येष्ठमधात ते शेकडा दोन तरी असावेच लागते. म्हणजे 10 ग्रॅम मुळीत निदान 200 मिलिग्रॅम, आणि 45 ग्रॅममध्ये 900. त्यातील सारेच पाण्यात उतरत नाही हे मान्य केले तरी हा काढा महिनोन्महिने, कोणास न विचारता घेण्याजोगा नाही हे उघड आहे. रक्तदाबाच्या, हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्याने आणि गर्भवतीने तर वैद्यकीय सल्ल्यावाचून त्याच्या वाटेस जाऊ नये. छनच्या ग्रंथातील ती गर्भवती आठवते ना? तिच्या कथेत धोक्याचा शब्दही नाही. स्वयंपाकघरातले ते निरुपद्रवी, ही आपली सर्वांची लाडकी समजूत आहे. ज्येष्ठमध ती खोटी पाडते.

आणि गुणाचे काय? चीनमध्ये ह्या काढ्याच्या चाचण्या पुष्कळ झाल्या. त्यांचे जे संकलित परीक्षण 2014 साली प्रसिद्ध झाले त्यात निष्कर्ष आशादायक दिसले. काढा खिन्नतेवरील प्रचलित औषधांच्या तोडीचा ठरल्यासारखा दिसला. पण परीक्षकांनी त्याच श्वासात सांगितले की बहुतेक चाचण्यांची पद्धत सदोष होती. रोगी थोडे, आणि कोणास खरे औषध मिळते आहे हे रोग्यास वा डॉक्टरास कळू नये ह्याची तजवीज अपुरी. खिन्नतेसारख्या विकारात, जेथे रोग्याचे सांगणे हेच मोजमापाचे मुख्य साधन, तेथे ही उणीव सारे गणित फिरवू शकते. आशा आहे, पुरावा नाही, असा आमचा ह्याविषयीचा अभिप्राय आहे.

जुन्या ग्रंथांतून खरी औषधे निघालीच नाहीत असे नव्हे. थू योयो ह्या चिनी विदुषीस हिवतापावरील आर्टेमिसिनीनचा मार्ग चौथ्या शतकातील एका कृतीने दाखविला आणि 2015 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या कृतीपाशी थांबल्या नाहीत. त्यांनी अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, प्रथम स्वतः घेऊन पाहिला. आपल्याकडील सर्पगंधेची कथा ह्या विषयास अधिकच जवळची आहे, कारण ती मुळीही उन्मादावर दिली जाई. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी 1949 साली रक्तदाबाच्या रोग्यांवरील तिचे परिणाम व्यवस्थित मोजून प्रसिद्ध केले, आणि 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. मानसिक रोग्यांना त्याचा उपयोग होऊ लागला. आणि त्याच दशकात असेही वृत्तांत आले की ते घेणारी काही माणसे खिन्न होतात. हा दोष खरोखर औषधाचा होता की नाही, ह्यावर अजूनही वाद आहे. परंतु तो वाद होऊ शकतो ह्याचे कारण मात्रा ठाऊक होती, नोंदी होत्या. काढ्याच्या बाबतीत आपण वाद घालण्याच्या पायरीपर्यंतही अजून नीट पोहोचलेलो नाही.

तोपर्यंत ज्याच्या घरी कोणी दिवसेंदिवस खिन्न आहे, ज्याची झोप आणि भूक गेली आहे, जो जीव नकोसा झाल्याचे बोलतो, त्याने गहू-बोरांची वाट पाहत बसू नये. डॉक्टरकडे जावे, भारत सरकारने 2022 पासून चालविलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा 14416 ह्या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलते. ह्यात जांग जोंगजिंगचा अनादर नाही. दुःखाने रडणाऱ्या माणसास वैद्याकडे न्यावे हेच तर त्याचे म्हणणे होते.

चाचणी मात्र व्हावयास हवी, आणि ती करणाऱ्यांनी मूळ कृतीच्या शेवटच्या शब्दांकडे लक्ष द्यावे. हा काढा पचनशक्तीसही पोषक आहे, असे तेथे जाता जाता म्हटले आहे. रडणारा माणूस बहुधा जेवत नाही. त्याच्यासाठी घरातले कोणीतरी चुलीपाशी बसून काढा आटविते, गाळते, कोमट करून तीनदा त्याच्यापुढे नेते आणि तो पिऊन होईपर्यंत जवळ थांबते. गुण आलाच तर तो ज्येष्ठमधाचा, गव्हाच्या सत्त्वाचा, की त्या थांबण्याचा? हे ठरवावयाचे असेल तर रोग्यांचे दोन गट पुरणार नाहीत. तिसरा एक गट हवा, ज्यास तितकेच गोड, तितकेच कोमट, पण ज्येष्ठमधाविना केलेले पाणी, त्याच वेळी, त्याच हातांनी दिले जाईल. आणि चौथा, ज्यास काढ्याची कोरडी पूड पुडीत बांधून घरी पाठविली जाईल.